ताकापर्यंत

आमच्या घरात जेवताना बोलायची पद्धत नव्हती. पद्धत अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची; आणि ते बोलत नाहीत म्हटल्यावर आई आणि मीही गप्प. पानाभोवती पाणी फिरवून झालं, चित्राहुती घालून झाल्या, तळहातावरचं पाणी पिऊन झालं, की अण्णांचं तोंड घासाखेरीज कशालाही उघडत नसे, ते थेट ताकभात संपून हात धुवेपर्यंत. मध्येच एखादा शब्द बोलला गेला तर तिथेच पानावरून उठायचं, भूक राहिली तरी त्या वेळेला पुन्हा अन्न नाही, असा त्यांच्या तंजावरच्या घराण्याचा नेम. त्यांचे वडील पाळत, आजोबा पाळत, त्यामागे कोण कोण पाळत ते त्यांनाच ठाऊक. एरवी अण्णा काही फार सोवळ्याओवळ्याचे नव्हते. संध्या कधी उरकत, कधी बुडवत, आणि कॉफी तर कुणाच्याही हातची पीत. पण हा एक नेम त्यांनी घट्ट धरला होता. का, असं विचारलं तर म्हणत, "दिवसभर तोंड चालतं गो कुट्टी. अन्नासमोर तरी त्याला लीव नको आ?" कुट्टी म्हणजे लहानगी. मी चांगली उंच झाले, त्यांच्या खांद्याला लागले, तरी कुट्टीच राहिले.

तोंड दिवसभर चालतं हे मात्र अगदी खरं होतं. अण्णा रेल्वेत तिकिटाच्या खिडकीवर होते. तमिळ, तेलुगू, मराठी, इंग्रजी आणि मोडकंतोडकं हिंदी असं सगळं त्या जाळीतून बाहेर पडत असे. कुठे चाललात, लग्नाला आ, मुलीचं आ, मग सकाळच्या गाडीनं जा, पॅसेंजरनं गेलात तर मुहूर्त चुकेल, अशी सगळी चौकशी आणि सल्ला तिकिटासोबत फुकट मिळायचा. रांगेतले मागचे लोक वैतागायचे आणि आपली पाळी आली की स्वतःही बोलत उभे राहायचे. घरी आले की खिडकीवरच्या लोकांच्या नकला सुरू. मद्रासच्या पश्चिम मांबळममधलं आमचं घर म्हणजे एका लांबट चाळवजा इमारतीतल्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मागून लोकल गाडीची लाइन जायची आणि प्रत्येक गाडीला फळीवरची भांडी किणकिणायची. अण्णांचा आवाज असा की गाडी जात असतानाही त्यांचं वाक्य तुटत नसे. शेजारच्या अलमेलू मामी भिंतीपलीकडून हसायच्या, मग अण्णा भिंतीकडे तोंड करून पुढचा भाग तमिळमध्ये सांगायचे. असा हा माणूस पानावर बसला की एकदम बंद. मग घरातले सगळे आवाज आम्हाला ऐकू यायचे. पळीचा भांड्याला लागणारा आवाज, मामींच्या रेडिओवरच्या बातम्या, खिडकीत कावळ्याची चोच आपटणं, अण्णांचं सार भुरकणं. मला ती वेळ आवडायची. मोठं झाल्यावर कळलं की इतर घरांत माणसं जेवताना एकमेकांशी बोलतात, आणि मला त्यांची कीवच आली, कारण त्यांना जेवण ऐकूच येत नसणार.

तोंड बंद म्हणजे बोलणं बंद असं नव्हे. उजवा हात जेवायला आणि डावा हात बोलायला. डावा पंजा पालथा करून पानावर धरला की पुरे. बोटं हवेत जराशी हलवली की सार, आणि हलवता हलवता खाली आणली की सारच, पण वरचं पातळ. चिमूट म्हणजे मीठ. चिमूट करून अंगठा हळूच बोटावर फिरवला की तूप. कायरस फार चांगला झाला असेल तर अण्णा डोळे मिटायचे, आणि डांगर पचडीत मोहरी जास्त पडली असेल तर एक भुवई वर जायची. ती भुवई म्हणजे, हे आज कुणी केलं? मी परकर-पोलक्याच्या वयात वाढायला शिकले तेव्हा हे सगळं मला कुणी समजावून सांगितलं नाही. भांडं घेऊन पुढे उभं राहायचं आणि बघायचं. हात हलायच्या आधी खांदा हलतो, आणि खांद्याच्याही आधी नजर जाते, हे मला तेव्हाच कळलं. माणसाला जे हवं असतं ते मागण्याआधी तो क्षणभर त्याच्याकडे बघतो आणि मग उगाच दुसरीकडे बघतो. माझे रंगमंचावरचे प्रयोग बघून लोक मला विचारतात, तुमच्या मूक विनोदाची शैली कुठून आली, परदेशातल्या कुणाचं काम बघितलंत? मी सांगते, मी वाढपी होते. त्यांना वाटतं म्हातारी थट्टा करतेय.

आई सोलापूरची. अण्णांची काही काळ तिकडे बदली झाली होती, तेव्हा हे लग्न जमलं. तिच्या माहेरी पंगत म्हणजे बाजार. भावाभावांची भांडणं, राजकारण, कुणाच्या म्हशीनं दूध कमी दिलं, सगळं भाकरीच्या तुकड्याबरोबर चघळलं जायचं. नवी नवरी म्हणून मद्रासला आली आणि पहिल्या दिवशी नवरा पानावर बसून हात हलवू लागला, तेव्हा तिला वाटलं याला काहीतरी लागीर झालंय. ती रडली होती म्हणे. मग हट्टानं शिकली. इतकी शिकली की अण्णांना डावा हात उचलावाच लागू नये. ते नुसतं बघायचे आणि तूप पानावर. आलेल्या-गेलेल्याला ती मोठ्या तोऱ्यात सांगायची, "यांना काय हवं ते यांच्या आधी मला कळतं." बाहेरून आलेली सून तंजावरकरांचं सगळ्यात अवघड काम तंजावरकरांहून चांगलं करत होती. तिला त्याचा अभिमान होता, आणि असायलाच हवा होता.

आता त्या रविवारचं सांगते. इतकी वर्षं मी ते कागदावर उतरवायचं टाळत आले, पण आता टाळून टाळून टाळणार किती!

मी तेव्हा कॉलेजात नुकतीच जाऊ लागले होते. रविवार म्हणून स्वयंपाक जरा निगुतीचा होता. आई वाढत होती आणि मी अण्णांच्या शेजारी जेवत होते. भाजीभात झाला, मग सारभात आला. अण्णांनी भात कालवला आणि हात भातावरच राहिला. त्यांनी आईकडे पाहिलं. आईनं सार वाढलं. ते बघतच राहिले. तिला वाटलं आणखी हवंय, तिनं आणखी वाढलं. सार पानावरून वाहून जमिनीवर आलं, तसं ती हसून पुटपुटल्यासारखं ओठ हलवत फडकं घेऊन आली. मग अण्णांची एक भुवई वर गेली. दुसरी बाजू ढिली पडली होती म्हणून एकच वर गेली, हे आज मी सांगू शकते. तेव्हा आम्हाला दोघींनाही वाटलं, साराला नावं ठेवताहेत. आईनं लटक्या रागानं मान उडवली आणि ताक आणलं. ताकाचं भांडं अण्णांनी डाव्या हातानं तोंडाला लावलं, तेव्हा मात्र आईचा चेहरा बदलला, कारण डावा हात अन्नाला लावलेला तिनं कधी पाहिला नव्हता. ते उठायला गेले. आईकडे वळले. तोंड उघडलं. त्यातून जे आलं तो शब्द नव्हता, आणि मग ते भिंतीला घासत खाली गेले.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आईला विचारलं, हे सुरू कधी झालं? आई म्हणाली, जेवताना. ते काही बोलले नाहीत का? आई म्हणाली, "ते जेवताना बोलत नाहीत." डॉक्टरांना वाटलं या बाईंना तमिळ नीट कळत नाही. त्यांनी तोच प्रश्न सावकाश, मोठ्यानं, पुन्हा विचारला. आईनंही तेच उत्तर सावकाश पुन्हा दिलं.

अण्णा घरी आले ते उजवा हात गळ्यात बांधून आणि एक शब्द घेऊन. सगळ्या भाषा गेल्या, राहिला एकच तमिळ शब्द, 'सेरी'. सेरी म्हणजे ठीक आहे, बरं, चालेल. भूक लागली तरी सेरी, नको असलं तरी सेरी, संताप आला तरी मूठ आपटून सेरी. ज्या माणसाचं काहीच ठीक राहिलेलं नव्हतं त्याच्या तोंडात देवानं तेवढाच शब्द ठेवला. अलमेलू मामींनी नातवाची पाटी आणून दिली. अण्णांनी डाव्या हातात पेन्सिल धरली, बराच वेळ पाटीकडे बघितलं, दोन रेघा ओढल्या आणि पाटी उपडी ठेवली. अक्षरंही शब्दांबरोबरच गेली होती. ऐकलेलं सगळं कळायचं. हसू शाबूत होतं आणि रडूही.

सगळ्यात वाईट जेवणाची वेळ. आता जेवायला आणि बोलायला मिळून एकच हात होता, तोही डावा. अण्णांना डाव्या हातानं जेवायची इतकी शरम वाटायची की ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. आम्ही बघू नये म्हणून खांदा आडवा धरायचे. हात घासात गुंतलेला, म्हणून खुणा बंद. आणि आई? जी इतकी वर्षं वाढताना श्वाससुद्धा जपून घ्यायची, ती आता त्यांच्या पाठीशी उभी राहून अखंड बोलायची. "मीठ बरोबर आहे ना? हात हलतोय ना? इकडे बघा जरा. अहो, बघा ना. तोंड वाकडं नाही ना होत? भात मऊ झालाय का?" तिला थांबताच येत नव्हतं. दुसऱ्यांदा काही झालं आणि आपल्याला कळलं नाही तर, ही भीती तिच्या जिभेवरच बसली होती. आणि दिवसाच्या उरलेल्या वेळात ती येईल त्याला तेच सांगायची. दूधवाल्याला, केळीची पानं घालणाऱ्या पानवालीला, मामींना, जिन्यातल्या अनोळखी माणसाला. "हे माझ्याकडे बघत होते आणि मी सार वाढत राहिले. मी सार वाढत राहिले हो." तमिळमध्ये सांगायची, मराठीत सांगायची. अण्णांच्या कानावर ते पडलं की ते अंथरुणावर हात आपटायचे, "सेरी! सेरी! सेरी!" मान जोरजोरात हलवायचे. तोंड लाल व्हायचं. आईला वाटायचं, मनातला राग काढताहेत. तिनं मला एकदा पाणी भरता भरता सांगितलं, "मला माफ करत नाहीयेत ते. करूही नये." मी म्हटलं, तसं नसेल. ती म्हणाली, "मग काय असेल, तू सांग."

मूक विनोद मी कलेसाठी सुरू केला नाही. अण्णांशी शब्दांत बोललं की ते शब्दांत उत्तर द्यायला जायचे, सेरी यायचं, आणि डोळ्यांत पाणी. म्हणून मी कॉलेजातून आल्यावर त्यांच्यासमोर बसून दिवसभरात जे बघितलं ते नुसतं करून दाखवायला लागले. बसमध्ये पदर सावरत, पिशवी सांभाळत, मूल सांभाळत, तिकिटाचे पैसे दातात धरून उभी असलेली बाई. सकाळी रांगोळी घालताना कुणी बघतंय का म्हणून रस्त्याकडे चोरून बघणाऱ्या अलमेलू मामी. आमच्या घरमालकांचा छत्री बंद करायचा प्रयत्न. मी बोलत नसे, म्हणून अण्णांनाही बोलावं लागत नसे. दोघांची बरोबरी व्हायची. ते हसायचे. गडगडून, पूर्वीसारखे, आणि गाडी जात असली तरी ते हसू तुटत नसे. चुकलं की डावा हात हलवून थांबवायचे. एकदा मी छत्री दाखवताना हातांनी छत्रीचा आकार काढत होते. त्यांनी मान हलवली, उशी माझ्या हातात दिली, काढून घेतली, पुन्हा दिली. मला हळूहळू कळलं. आकार नको, वजन दाखव.

आज मी शनिवारी काही मुलामुलींना शिकवते. सिरुसेरीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांमधली आहेत, आठवडाभर पडद्यासमोर बसून आखडलेली. चांगली आहेत बिचारी. पहिल्या दिवशी सगळी पांढरा रंग घेऊन येतात, तोंडाला फासायला. मी तो बाजूला ठेवायला लावते आणि म्हणते, आधी रिकामं पातेलं उचला, मग भरलेलं. चेहरा शांत ठेवा, चेहऱ्यानं भीक मागू नका. आणि जिथे प्रेक्षक हसेल असं वाटतं तिथे एक श्वास जास्त थांबा. ती मुलं फोनमध्ये हे सगळं टिपून घेतात. कुठे शिकलात, असं एकीनं इंग्रजीत विचारलं, तेव्हा मी घरी म्हटलं आणि पुढचं सांगितलं नाही.

मांबळम आणि आसपासच्या मराठी घरांचं तेव्हा एक छोटंसं मंडळ होतं. गणपतीत एका शाळेचा हॉल घेऊन कार्यक्रम व्हायचे. त्यात दोन तट. एक आम्ही जुने तंजावरकडचे, दुसरे आवडी नावाच्या उपनगरातल्या कारखान्यात आणि बँकांत नव्यानं आलेले. त्यांना आमच्या मराठीचं हसू यायचं, आणि आमच्या लोकांना ते बोलताना भांडताहेत असं वाटायचं. त्या वर्षी माझं नाव गाण्याला घातलं होतं आणि माझा घसा बसला. मंडळाच्या बाई म्हणाल्या, मग तू घरी वडिलांना करून दाखवतेस ते कर. मी म्हटलं, पंगत करते. मला खरंच त्यात काही वावगं वाटलं नाही. ती कुठल्याही घरातली पंगत होती. जेवणारा एक, वाढणारी एक, दोन्ही मीच. त्याला तूप हवंय, ती ताक आणते. त्याला पुरे म्हणायचंय, ती प्रेमानं वाढतेय. त्याला बोलायची सोय नाही आणि तिला थांबायची सवय नाही.

अण्णा त्या दिवशी आले. आजारानंतर पहिल्यांदाच चार माणसांत आले, उजव्या हातावर उपरणं घेऊन, पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसले. मी पंगत मांडली. हॉल हसायला लागला. जुने हसले, नवे हसले, शब्दच नव्हते म्हणून कुणाची मराठी खरी हा प्रश्नच आला नाही. पानावरून सार वाहायला लागलं आणि जेवणारा दोन्ही हातांनी बांध घालू लागला, तेव्हा तर लोक खुर्चीवरून घसरले. त्याच वेळी मला आई उठलेली दिसली. ती कुणाकडेही न बघता मधल्या वाटेनं चालत बाहेर गेली. मी प्रवेश पुरा केला. कसा केला मला आठवत नाही.

घरी ती एवढंच म्हणाली, "मी दारोदार सांगत फिरते ते कमी पडलं का तुला? हसून घेतलंत ना सगळ्यांनी?" मी समजवायला गेले. तिनं हात वर करून मला थांबवलं, आणि अंथरूण घालून भिंतीकडे तोंड केलं. अण्णा दोघींकडे आळीपाळीनं बघत होते. "सेरी," ते म्हणाले. अगदी हळू. "सेरी, सेरी."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी आईनं नेहमीसारखं भिंतीकडे तोंड करून अण्णांचं पान मांडलं. अण्णांनी पाट पायानं ओढून फिरवला. खोलीकडे तोंड करून बसले. मला समोर बसायची खूण केली. आई स्वयंपाकघराच्या दारात पातेलं घेऊन उभी होती. माझ्याशी तिनं अबोला धरला होता, आणि त्या दिवशी ती अण्णांशीही बोलत नव्हती. अण्णांनी तिच्याकडे बोट केलं, तिथेच थांब, बघ.

मग त्यांनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला आणि पानावर नेऊन ठेवला, वस्तू ठेवतात तसा. बोटं हवेत हलवून खाली आणली. सार. वाढणाऱ्या बाईकडे पाहिलं, म्हणजे आईकडे. आईनं पातेलं छातीशी धरलं. मला वाटलं त्यांना थांबवावं, पण त्यांनी मला नजरेनं बसवलं. उजव्या हाताच्या बोटांपासून खांद्यापर्यंत डावी बोटं मुंग्यांसारखी चालवत नेली. चेहऱ्यावर नवल. हे काय बरं? मग गळ्याला हात लावला, आणि तोंडापुढे बोटं अशी भराभर उघडमिट केली की मला त्यांची तिकिटाची खिडकीच दिसली. बोलणं. भरपूर बोलणं. गळ्यात होतं, सगळं होतं. ते तोंड उघडायला गेले. आणि थांबले. पानाकडे पाहिलं. भात शिल्लक. देवाच्या फळीकडे पाहिलं. पुन्हा पानाकडे. मग मोठ्या समंजसपणानं बोट ओठांवर ठेवलं. बोटानं हिशेब दाखवला. हा भात, मग ताक, मग हात धुणं, मग बोलणं. काय घाई आहे? असा नेम पाळणारा माणूस बघितलायत कधी, अशा तोऱ्यात मान ताठ करून त्यांनी आमच्याकडे पाहिलं. ते इतकं हुबेहूब त्यांचं होतं की मला हसू आलं. खोटं कशाला सांगू, मी हसले.

त्यांनी ताक प्यायलं. हात धुतले. उपरणं नीट केलं. आईकडे वळून, भाषण करायला उभा राहिलेला माणूस घसा साफ करतो तसा घसा साफ केला, आणि तोंड उघडलं. काहीच आलं नाही. तोंड उघडंच. ते थांबले. तितकं थांबणं मला पुढे आयुष्यभर रंगमंचावर जमलं नाही. मग त्यांनी शब्द शोधला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पानाचं टोक उचलून पानाखाली पाहिलं. तिथेही नव्हता.

मग त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट आपटलं, दोनदा. मी. आणि आईकडे बोट करून तोच हात हवेत जोरात आडवा हलवला. तू नव्हे. तू नव्हे.

आई पातेलं घेऊन दारातच खाली बसली. "म्हणजे बोलता येत होतं तुम्हाला?" ती म्हणाली. "साराच्या वेळी?"

अण्णांनी होकाराची मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर अशी सुटका होती की मी ती शब्दांत मांडू शकत नाही. इतके महिने ते हात आपटून हेच सांगत होते. त्यांना वाटलं, आता हिचं ओझं उतरलं. मलाही तेच वाटलं.

आई हसल्यासारखी झाली. मग तिचा आवाज चढला, सोलापूरचा, माहेरचा आवाज, मी तो कधी ऐकलाच नव्हता. "एक शब्द, अहो! अगं म्हटलं असतंत तरी चाललं असतं. नुसतं अगं! कोण देव ऐकत बसला होता तुमचं? आमच्याकडे सगळे बोलतात जेवताना, मेलं का कुणी?" तिला श्वास पुरेना. "माझी चूक असती तर बरं झालं असतं. माझी चूक म्हणून मी सोसत होते. आता मी काय करू?"

अण्णांचा हात हवेतच राहिला. त्यांच्याजवळ याला खूण नव्हती. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं. तिचं रडणं आम्हाला बाहेर ऐकू येत होतं. अण्णा ऐकत होते, मान खाली घालून. मग त्यांनी मला दाराकडे बोट दाखवलं. जा.

मी आत गेले. आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. कोपऱ्यात पानवालीनं सकाळी टाकलेली केळीची पानं रचलेली होती, त्यांच्यावर तिनं दोन्ही हात टेकले होते. मला बघून तिनं तोंड पुसलं नाही.

"उठावं लागलं असतं पानावरून," ती म्हणाली. "एवढंच ना? घरात पानं होती गं. मी दुसरं पान वाढलं असतं."